पुस्तकाच्या सूचीत ळ, क्ष आणि दोन-दोन वऱ्हाड : अकारविल्हे लावायचं कसं?

खारपाणवाला

राम राम मंडळी.

दर्यापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक जुळवायचं काम माझ्याकडे आहे. विषय खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही काठांची जमीन, मचूळ विहिरी, कपाशी, गावोगावच्या जत्रा, जुने सावकार, सगळं त्यात आहे. मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि मी तो झीलॅटेकमध्ये (लॅटेक या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरचा एक प्रकार) लावलाय. पानं झकास दिसतात. अडलंय ते शेवटच्या सूचीवर.

सरांचं म्हणणं असं की गावचा माणूस पुस्तक हातात घेतल्यावर आधी मागची पानं उघडणार आणि आपलं गाव शोधणार. ते सापडलं तर पुस्तक घेणार. त्यामुळे सूचीत हयगय चालणार नाही.

मेकइंडेक्स, म्हणजे लॅटेकसोबतचा सूची लावणारा प्रोग्राम, चालवल्यावर काय निघालं ते बघा :

मळणी, मशागत, महसूल असा क्रम लागलाय. सर म्हणतात, ळ तर ह च्या नंतर येतो, मग मळणी आधी कशी?

क्षारपड जमीन हा पुस्तकातला मुख्य विषय, तो क च्या तळाशी जाऊन बसलाय. सरांना क्ष शेवटी, वेगळा हवाय.

वऱ्हाड एकाखाली एक दोनदा आलंय. दोन्ही अक्षरं डोळ्यांना सारखीच दिसतात, फक्त पृष्ठांक वेगळे. पऱ्हाटीचंही तेच.

ॲझोला आणि १९७२ चा दुष्काळ हे दोघं अगदी शेवटी, हद्दीबाहेर काढल्यासारखे.

अक्षर बदललं की मध्ये मोकळी जागा सुटायला पाहिजे, तीही कुठेच सुटत नाही. अ पासून ह पर्यंत सलग रांग.

सूचीत पाचेकशे नोंदी आहेत. हाताने लावता येतील, पण पानं हलली की पुन्हा पहिल्यापासून. काही उपाय?

---

बोंडअळी

राजेहो, कायले एवढं करता? गावाच्या पुस्तकाले सूची कोन पायते? अनुक्रमणिका द्या ना समोर, झालं.

---

खिळाजुळारी

बोंडअळीभाऊ, सूची कोण बघतं हे ज्याने कधी ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदात आपल्या आजाचं नाव शोधलंय त्याला विचारा.

आमच्या वेळी तालुक्याच्या छापखान्यात सूची म्हणजे चिठ्ठ्या. लेखक पक्क्या प्रुफावर शब्दाखाली रेघ मारायचा. आम्ही त्या शब्दाची चिठ्ठी करायचो, मागे पृष्ठांक. मग छपाईच्या खिळ्यांची एक रिकामी केस, म्हणजे खणांची पेटी, घ्यायची. तिच्या खणांवर खडूने अ, आ, इ लिहायचं आणि चिठ्ठ्या त्या त्या खणात टाकत जायचं. एक फेरी पहिल्या अक्षराची, मग प्रत्येक खण काढून दुसऱ्या अक्षराची. पंखा बंद ठेवून.

सांगायचं कारण वेगळं. चिठ्ठ्या टाकायच्या आधी मालक आणि लेखक यांच्यात एकदा बैठक व्हायची. अनुस्वार कुठे घ्यायचा? क्ष वेगळा की क मध्ये? जोडाक्षर शेवटी ना? आडनाव आधी की नाव? हे कागदावर लिहून केसवर चिकटवायचं. तुमच्या सरांशी ती बैठक झाली का? यंत्राला दोष द्यायच्या आधी ती घ्या. कोशांमध्येही एकवाक्यता नाही. कोणी क्ष क मध्ये देतो, कोणी शेवटी. दोन्ही चालतं, पण एका पुस्तकात एकच.

---

टेकू

काकांशी सहमत. आता यंत्राच्या बाजूने.

मेकइंडेक्स हा १९८०च्या दशकातला प्रोग्राम, इंग्रजीसाठी लिहिलेला. त्याला क, ख, ग माहीत नाहीत. तो फक्त बाइट बघतो. युनिकोडच्या यादीत अक्षराला जो क्रमांक मिळालाय तोच त्याचा क्रम. त्या यादीत ल, ळ, ऴ, व असे शेजारी शेजारी बसलेत. म्हणून तुझी मळणी मशागतीच्या आधी आली. युनिकोडची ती यादी साऱ्या देवनागरी भाषांची सामाईक आहे, मराठी वर्णमालेप्रमाणे लावलेली नाही.

मोकळी जागा का सुटत नाही तेही तिथूनच कळतं. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड फाइलीत साठवायची रीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखा. मेकइंडेक्स गट पाडताना पहिला बाइट बघतो. त्याच्या लेखी अचलपूर आणि हिवरखेड एकाच अक्षराने सुरू होतात.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर देवनागरीच्या मुख्य जागा भरलेल्या होत्या. म्हणून त्याला अंकांच्याही पुढे घर मिळालं. देवनागरी अंक व्यंजनांच्या, मात्रांच्या नंतर येतात, म्हणून १९७२ ही खाली.

आणि दोन वऱ्हाड. मला हा प्रश्न फार आवडला. अर्धा ऱ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर टाईप करून त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, फाइलमध्ये वेगळे. सरांनी एक प्रकरण मोबाइलवर टाईप केलं असेल आणि दुसरं कॉम्प्युटरवर, असं असणार.

---

खारपाणवाला

@टेकू, अगदी बरोबर. जत्रांचं प्रकरण सरांच्या पुतणीने मोबाइलवर केलंय. वऱ्हाड, पऱ्हाटी, गोऱ्हा, दऱ्या... आता शोधतो सगळे.

@खिळाजुळारी काका, बैठक आज संध्याकाळी घेतो.

---

वर्धेकरीण

मी एका छोट्या प्रकाशनासाठी सूची करते, म्हणून दोन शब्द.

क्रमाआधी साफसफाई. ते दोन वऱ्हाड क्रमाच्या नियमाने नाही, शोधा-बदला करून संपवायचे. एक रीत ठरवा (मी ऱ अक्षरवाली घेते) आणि सगळा मजकूर तसा करून टाका. ॲ चंही तसंच, काहीजण अ वर चंद्र देऊन लिहितात, काहीजण ऍ टाकतात, काहीजण ॲ. तिन्ही फाइलमध्ये वेगळे. शब्दानंतर चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा कधी कधी दुसरी नोंद तयार करते.

मग गावांची नावं. तुमच्या पट्ट्यात ऋणमोचन आहे, तिथे कोणी रुणमोचन लिहिलं असेल तर एक नोंद ऋ मध्ये आणि एक र मध्ये. ऋ चा खण एकट्या ऋणमोचनसाठी ठेवावा लागला तरी ठेवा, पण र मधून 'पहा' द्या. अचलपूर आणि एलिचपूर, चंद्रपूर आणि चांदा, वऱ्हाड आणि बेरार, कपाशी आणि पऱ्हाटी, हे सगळे 'पहा'चे उमेदवार. जुन्या कागदातलं नाव वाचून आलेला माणूस एलिचपूर शोधणार, त्याला हात धरून अचलपूरला आणावं लागतं.

माणसांचं काय करताय? पंजाबराव देशमुख द मध्ये की प मध्ये?

---

खारपाणवाला

ताई, सरांचं उत्तर मजेशीर होतं. 'द मध्ये टाकशील तर अमरावती जिल्ह्यात देशमुख किती आहेत मोज, मग बोल.' तरी आडनाव आधी हाच नियम ठेवला आणि पंजाबराव मधून 'पहा देशमुख, पंजाबराव' असं देतोय. गाडगे महाराज मात्र ग मध्येच. डेबूजी मधून 'पहा'. पुस्तकात सगळीकडे 'संत गाडगे महाराज' असं आहे, ते सूचीत स मध्ये जायला नको.

---

टेकू

त्याला सोपी सोय आहे. नोंदीत @ चिन्हाच्या आधी क्रमाची चावी लिहायची, नंतर छापायचा शब्द :

गाडगे महाराज@संत गाडगे महाराज

डावीकडचं फक्त क्रमासाठी, ते छापलं जात नाही. उजवीकडचं वाचकाला दिसतं.

याच चावीने तुझा ळ, क्ष, ज्ञ चा प्रश्नही सुटतो, मेकइंडेक्स न सोडता. युनिकोडच्या यादीत ह संपला आणि ा ची मात्रा सुरू झाली यांच्या मध्ये चार घरं आहेत. पहिल्या दोनांत काश्मिरीसाठीच्या मात्रा (ऺ आणि ऻ), मग नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मग अवग्रह ऽ. मराठीत त्या मात्रा कोणी वापरत नाही. तेव्हा चावीपुरतं ळ च्या जागी ऺ, क्ष च्या जागी ऻ, ज्ञ च्या जागी ऽ टाक. मळणीची चावी 'मऺणी' होते. वाचायला विचित्र, पण ती कोणाला दिसणारच नाही. ह च्या नंतर आणि मात्रांच्या आधी ती बरोबर बसते, त्यामुळे महसूल आधी, मळणी नंतर, आणि माती त्याच्या पुढे.

चावी हाताने लिहू नकोस. नोंदींच्या फाइलवर दहा ओळींचा पायथॉन प्रोग्राम चालव, तो बदल करेल. त्यातच ऱ चा र कर, न दिसणारा जोडक काढून टाक आणि ॲ चं अ अधिक ॅ कर. मग ॲझोला अ च्या शेवटी, आ च्या तोंडाशी येतो.

---

बारोमास

ॲ अ मध्ये का? शासनाच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वरांमध्ये आहेत, ॲ ए नंतर. २००९ चा शासन निर्णय आहे, २०२२ ला पुन्हा सुधारून काढला. शाळेतली पोरं ए, ॲ, ऐ असंच शिकतात.

---

खिळाजुळारी

बरोबर आहे बाप्पा, पण सूची कोण उघडतो ते बघा. साठी ओलांडलेला माणूस ॲझोला अ मध्येच शोधेल, त्याच्या शाळेत ॲ नव्हता. त्या एका शब्दासाठी ए च्या पुढे नवा खण काढायचा का, हे सरांनी ठरवावं. नियम म्हणून तुमचं खरं, या पुस्तकापुरतं अ ठीक.

---

वर्धेकरीण

+१ काकांना. पाठ्यपुस्तक असतं तर मी ॲ वेगळा घेतला असता.

---

टेकू

चावीचा जुगाड नको असेल तर मेकइंडेक्स सोडा आणि अपमेंडेक्स घ्या. टेकलाइव्ह या लॅटेकच्या संचातच येतो. नोंदींची लिहिण्याची पद्धत तीच, पण क्रम लावायला तो आयसीयू वापरतो, म्हणजे युनिकोडचं अधिकृत क्रमगणित. देवनागरीचा आधार त्यात अजून प्रायोगिक आहे, तरी काम होतं. शैलीच्या फाइलीत भाषा मराठी सांगता येते किंवा स्वतःचे नियम देता येतात. मी नियम स्वतःच लिहितो, कारण मग क्ष, ज्ञ चं काय झालं हे शोधत बसावं लागत नाही :

&ॐ < ं << ँ < ः
&ह < ळ < क्ष < ज्ञ

पहिली ओळ अनुस्वाराला सगळ्या अक्षरांच्या आधी नेते. दुसरी स्वच्छ आहे. एक < म्हणजे वेगळं अक्षर, दोन << म्हणजे तेच अक्षर पण किंचित फरक. क्ष इथे तीन चिन्हांचा असला तरी एकच अक्षर म्हणून मोजला जातो. दोन वऱ्हाडांचा फरकही आयसीयू मुख्य क्रमात धरत नाही, ऱ म्हणजे र वर नुक्ता असंच तो मानतो आणि जोडक मोजत नाही. तरी ताईंची साफसफाई करायचीच, नाहीतर दोन नोंदी शेजारी राहतील, एक होणार नाहीत.

---

बारोमास

अनुस्वार आधी? बाराखडीत कं, कः शेवटी असतात. क, का, कि, की... कौ, कं, कः. चंद्रपूर च च्या सुरुवातीला की चौ नंतर?

---

टेकू

बाराखडीप्रमाणे हवं असेल तर पहिली ओळ बदला :

&ौ < ं << ँ < ः

मग चंद्रपूर चौसाळ्याच्या नंतर आणि जोडाक्षरांच्या आधी येईल. पण एक गोम आहे. अंजनगाव यामुळे अ च्या शेवटी, म्हणजे अहेरीनंतर आणि आकोटाच्या आधी पडतं. वर्णमालेत अं औ नंतर आहे, तिथे ते जात नाही. कारण क ला काना-मात्रा लागून का, की होतात, पण आ, इ ही स्वतंत्र अक्षरं आहेत, अ च्या मात्रा नव्हेत. म्हणजे क मध्ये बाराखडी पाळली आणि अ मध्ये वर्णमाला मोडली. अं चा वेगळा खण हवा असेल तर अं लाही क्ष सारखं एक अक्षर म्हणून औ नंतर बसवावं लागेल.

---

वर्धेकरीण

म्हणून मी अनुस्वार आधीच घेते. अंजनगाव, अंबाडी, अकोला. वाचक अ उघडतो तेव्हा त्याला अं वरच दिसतो. नंतर शोधावं लागत नाही.

---

खारपाणवाला

बैठक झाली. निर्णय : अनुस्वार आधी. क्ष, ज्ञ शेवटी. त्र आणि श्र आपापल्या त आणि श मध्ये. ज्वारी ज मध्ये, त्याबद्दल वाद नाही. अंकांनी सुरू होणाऱ्या नोंदी सगळ्यात वर नाहीत, त्या शब्दांत : १९७२ चा दुष्काळ आता 'दुष्काळ, १९७२ चा'.

एक नवीन अडचण. पुस्तकाचे पृष्ठांक देवनागरीत आहेत आणि मेकइंडेक्स प्रत्येक नोंदीला 'हा पृष्ठांक मान्य नाही' म्हणून परत पाठवतोय.

---

टेकू

हो, त्याला फक्त इंग्रजी अंक, रोमन अंक आणि इंग्रजी अक्षरं पृष्ठांक म्हणून कळतात. उपाय, अंक आतून इंग्रजी राहू दे, कागदावर उमटताना देवनागरी कर. ल्युआटेकवर (लॅटेक चालवणारं दुसरं इंजिन) गेलास तर बॅबेल या भाषांच्या पॅकेजमध्ये मॅपडिजिट्स नावाची सोय आहे, ती नेमकं हेच करते. फाइलीत ४७ इंग्रजीत जातो, पानावर ४७ देवनागरीत दिसतो. झीलॅटेकवर राहायचं असेल तर पृष्ठांक साधा ठेवून सूचीच्या शैलीत पृष्ठांकाभोवती अंक बदलणारी आज्ञा गुंडाळ.

---

पानमांडणी

आमच्याकडे इनडिझाइन, त्यांच्यासाठी पण लिहून ठेवतो, कारण गावाकडे लॅटेकवाला एक आणि इनडिझाइनवाले शंभर.

इनडिझाइनच्या सूचीत नोंद करताना विषयाच्या शेजारी 'सॉर्ट बाय' चा रकाना असतो. तो रिकामा सोडतात सगळे. चावी तिथे लिहायची. मी दोन-दोन आकडी इंग्रजी अंकांची चावी वापरतो. अक्षरांची यादी एक्सेलमध्ये, प्रत्येकाला आकडा, शब्द टाकला की चावी तयार. अक्षरांचे मथळे बंद ठेवतो आणि शेवटी हाताने टाकतो.

आणि जुन्या फॉन्टमध्ये मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर काही खरं नाही. कृतिदेवमध्ये विदर्भ टाईप करा. ि ची वेलांटी आधी येते, ती एफ च्या कळीवर. मग व, ओ वर. मग द, भ आणि सगळ्यात शेवटी रफार, झेड वर. कॉम्प्युटरच्या लेखी विदर्भ हा एफ ने सुरू होणारा शब्द. वर्धा ओ ने. पेजमेकरच्या काळातल्या सूच्या म्हणूनच हाताने लागायच्या.

---

नुसताच वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). लिबरऑफिसमध्ये काही करता येतं का? मी आमच्या देवस्थानाची स्मरणिका करतोय, एवढं लॅटेक-बिटेक नाही जमणार.

---

वर्धेकरीण

येतं. सूचीच्या खिडकीत प्रकार 'वर्णानुक्रमे सूची' निवडा आणि त्याच खिडकीत खाली भाषा मराठी करा. हिंदी राहिली असेल तर ळ ल च्या शेजारी दिसेल, त्यावरून ओळखा. स्मरणिकेला एवढं पुरे.

---

बोंडअळी

मले एक सांगा. पूर्णा नदी आधी का पूर्णानगर?

---

खिळाजुळारी

वा, बोंडअळीभाऊ आता आत आले!

शब्द-शब्द धरला तर 'पूर्णा नदी' आधी, कारण पूर्णा शब्द तिथे संपतो. अक्षर-अक्षर धरलं, मोकळी जागा मोजली नाही, तर पूर्णानगर आधी, ग द च्या आधी येतो म्हणून. गावांच्या सूचीत शब्द-शब्द बरा. पूर्णा नदी, पूर्णा प्रकल्प, पूर्णा मासेमारी हे एकत्र राहतात, आणि पूर्णानगर त्यांच्या खाली.

---

टेकू

मेकइंडेक्स आपणहून शब्द-शब्दच घेतो. अक्षर-अक्षर हवं असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. तेव्हा काही करायला नको.

---

खारपाणवाला

अपमेंडेक्सवर गेलो, टेकूचे दोन नियम जसेच्या तसे. महसूल, मळणी, माती. क्षारपड जमीन शेवटच्या पानावर, स्वतःच्या मथळ्याखाली. वऱ्हाड एकच. ल्युआटेकवर फॉन्ट पुन्हा लावावा लागला, बाकी त्रास नाही.

'खारपाणपट्टा' या नोंदीला मात्र पृष्ठांकांची अर्ध्या स्तंभाची रांग लागलीये. जवळजवळ प्रत्येक पानावर तो शब्द आहेच.

---

वर्धेकरीण

ती नोंद फोडा. खारपाणपट्टा, हद्द. खारपाणपट्टा, पिण्याचं पाणी. खारपाणपट्टा, विहिरी. नुसता उल्लेख आलेली पानं टाकू नका, जिथे त्याबद्दल काही सांगितलंय तीच. कपाशीचंही तसं करा, देशी वाण आणि बोंडअळी वेगवेगळे.

(बोंडअळीभाऊ, तुमची नोंद पक्की.)

---

बोंडअळी

पुस्तकात नाव आलं बाप्पा! कोनत्या पानावर?

---

खारपाणवाला

आत्ता ११२. पण सर शेवटच्या फर्म्यात एक फोटो वाढवतायत, त्याने पानं सरकली तर बदलेल. फोटो पक्का झाल्याशिवाय सूची पुन्हा चालवत नाही.